काळ्या मातीतला सिग्नल: एका कॅन्टिलिव्हर खांबाच्या पायाचे प्रकरण

पुण्याच्या पूर्व भागातला हा चौक. वीस वर्षांपूर्वी इथे शेती होती. आता चारी बाजूंनी इमारती आहेत आणि मधून सहापदरी रस्ता जातो. चौकाचे नाव आणि संबंधितांची ओळख इथे गाळली आहे, कारण प्रश्न त्या चौकापुरता नाही.

पश्चिमेकडून येणाऱ्या वाहनांसाठी फुटपाथवर एक कॅन्टिलिव्हर सिग्नल उभा होता, म्हणजे एकाच बाजूला आधार असलेला, रस्त्यावर आडवा हात काढलेला. उभा अष्टकोनी खांब ६.५ मीटर, त्यातून रस्त्यावर आलेला आर्म ६ मीटर, आर्मच्या टोकाला एक सिग्नल आणि खांबावर तीन मीटर उंचीला दुसरा. दोन वर्षे तो नीट उभा होता. मग आर्मच्या मध्यावर २.४ × १.२ मीटरचा दिशादर्शक बोर्ड लागला. त्यानंतरच्या पावसाळ्याअखेर वाहतूक पोलिसांकडून तक्रार आली, की सिग्नल नीट दिसत नाही, दिवे भलतीकडेच तोंड करून आहेत.

ओळंबा लावला तेव्हा खांब माथ्याशी ७० मिलिमीटर पूर्वेला कललेला निघाला. ६.५ मीटर उंचीला हे अर्ध्या अंशाहून थोडेच जास्त. डोळ्यांना ते जाणवतही नव्हते. खरी गोष्ट आर्मची होती. तो सुमारे चार अंशांनी फिरला होता, म्हणजे त्याचे टोक चाळीस सेंटिमीटर पुढे सरकले होते. बेसप्लेट, म्हणजे खांबाच्या बुडाची पोलादी पाटी, जागच्या जागी, नट घट्ट, वेल्ड शाबूत. खांब बोल्टवर फिरला नव्हता, अख्खा काँक्रीटचा ठोकळाच जमिनीत फिरला होता. फुटपाथच्या ब्लॉकमध्ये ठोकळ्याभोवती बोटभर फट पडली होती आणि एका कोपऱ्यातले ब्लॉक उचलले गेले होते.

सुरुवातीला सगळ्यांचे लक्ष कलण्याकडे होते. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली फिरण्यात होती, आणि पुढची सगळी डिझाइन तिथूनच ठरली.

जुना नकाशा काय सांगत होता

जुना पाया म्हणजे ०.९ × ०.९ मीटरचा, १.५ मीटर खोल ठोकळा. नकाशा ‘टाइप ड्रॉइंग’ होता, म्हणजे एकदा काढलेला आणि शहरभर वापरलेला. त्यात जमिनीबद्दल एकच ओळ होती: भारक्षमता १५ टन प्रति चौरस मीटर गृहीत.

हे गृहीतक चुकीचे नव्हते, पण या खांबाशी त्याचा संबंध नव्हता. खांब, आर्म, दिवे मिळून वजन जेमतेम सव्वातीन किलोन्यूटन, म्हणजे ३३० किलोच्या आसपास. ठोकळा स्वतः २९ किलोन्यूटनचा. दोन्ही मिळून तळाशी येणारा दाब सुमारे ४ टन प्रति चौरस मीटर. पंधराच्या जागी सहा लिहिले असते तरी नकाशा पास झाला असता. इमारतीच्या फुटिंगची, म्हणजे पसरट पायाची, सवय झालेला माणूस आधी ‘एसबीसी (जमिनीची सुरक्षित भारक्षमता) किती?’ विचारतो, आणि ते उत्तर मिळाले की निश्चिंत होतो. सिग्नलच्या खांबाला खाली दाबणारे काही नसतेच. त्याला आडवे पाडणारे आणि पिळणारे असते, आणि त्या दोन्हींबद्दल नकाशात अवाक्षर नव्हते.

वारा

वाऱ्याच्या भारासाठीचे भारतीय मानक आयएस ८७५ (भाग ३) : २०१५ प्रमाणे पुण्याचा मूळ वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. हा तीन सेकंदांच्या झोताचा वेग आहे, दहा मीटर उंचीवरचा, पन्नास वर्षांच्या पुनरावृत्तिकाळाचा. मुंबईला तो ४४ आहे. सपाट जमीन, दुसऱ्या वर्गाचा (विरळ अडथळ्यांचा) भूभाग आणि दहा मीटरखालची उंची धरून सगळे गुणक १ घेतले. दाब = ०.६ × ३९² = ९१३ न्यूटन प्रति चौरस मीटर. साइटच्या भाषेत, प्रत्येक चौरस मीटरवर ९३ किलोचा धक्का. दिव्यांना आणि बोर्डाला जोर-गुणांक १.२, अष्टकोनी नळ्यांना १.३ घेतला. मागच्या काळ्या पाट्यांसकट एका सिग्नलचे क्षेत्रफळ ०.९१ चौरस मीटर भरले. तक्त्यात मोमेंट म्हणजे खांबाला पाडू पाहणारा परिणाम, जोर गुणिले उंची; पीळ म्हणजे त्याला स्वतःभोवती फिरवणारा, जोर गुणिले खांबापासूनचे अंतर; किन्यू म्हणजे किलोन्यूटन.

| घटक | जोर (किन्यू) | उंची (मी) | मोमेंट (किन्यू-मी) | पीळ (किन्यू-मी) |
|---|---|---|---|---|
| खांब | १.५४ | ३.२५ | ५.० | – |
| आर्म | ०.८६ | ६.५ | ५.६ | २.६ |
| आर्मच्या टोकाचा सिग्नल | १.० | ६.२ | ६.२ | ५.७ |
| खांबावरचा सिग्नल | १.० | ३.० | ३.० | नगण्य |
| बोर्डाशिवाय बेरीज | ४.४ | | १९.८ | ८.३ |
| बोर्ड | ३.१६ | ६.२ | १९.६ | १०.१ |
| बोर्डासकट बेरीज | ७.६ | | ३९.४ | १८.४ |

बोर्डाची ओळ वेगळी ठेवली ती मुद्दाम. एका पत्र्याने पाडणारा मोमेंट दुप्पट झाला आणि पीळ दुपटीहून जास्त. बोर्ड लावताना कुणी पायाचा नकाशा उघडला नव्हता. ‘खांब आहेच, वर एक पत्रा टाकू’ एवढाच विचार. १७ एप्रिल २०२३ ला पिंपरी-चिंचवडजवळ किवळ्यात होर्डिंग पडून पाच जण गेले आणि १३ मे २०२४ ला घाटकोपरला सतरा. तेव्हापासून जाहिरात-फलकांच्या पायांबद्दल प्रश्न विचारले जातात. सिग्नलच्या आर्मवर टांगलेल्या पत्र्याबद्दल मात्र अजून कुणी विचारत नाही, कारण तो सरकारी असतो.

आर्म, दिवे आणि बोर्ड यांच्या वजनाचा रस्त्याच्या बाजूला साडेपाच किलोन्यूटन-मीटरचा कायमचा मोमेंट येतो. तो वाऱ्याच्या मोमेंटशी काटकोनात असल्याने एकूण ३९.४ चा ३९.८ होतो. इतकाच फरक, म्हणून पुढे त्यावर वेळ घालवलेला नाही.

मग तो दोन वर्षे उभा कसा राहिला?

ठोकळ्याच्या तळाशी बोर्डाशिवायचा मोमेंट काढला: १९.८ + ४.४ × १.५ = २६.४. त्याविरुद्ध वजनाचा प्रतिकार: ३२ किलोन्यूटन × ०.४५ मीटर = १४.४. म्हणजे निव्वळ वजनाच्या हिशेबात हा पाया पहिल्या दिवसापासून नापास होता. डिझाइनचा वारा सुटला असता तर त्याला आडवे होण्यापासून फक्त बाजूच्या मातीने रोखले असते.

यात गैर काही नाही. कठीण मुरमात, खड्ड्याच्या कडांना भिडवून काँक्रीट ओतले असेल तर बाजूची जमीन भरपूर धरते. शहरातले शेकडो खांब याच भरवशावर उभे आहेत. इथे दोन गोष्टींनी तो भरवसा काढून घेतला होता.

पहिली म्हणजे जमीन. शेजारी खड्डा घेतला. वरचे ०.६ मीटर विटांचे तुकडे आणि राडारोडा मिसळलेला भराव. त्याखाली दोन मीटरपर्यंत काळी माती. मुक्त फुगवटा निर्देशांक ६० टक्के, म्हणजे चांगलीच फुगणारी. दोन मीटरला मुरूम लागला आणि तीन मीटरच्या पुढे झिजलेला बेसॉल्ट. जुना ठोकळा १.५ मीटरवर संपत होता. मुरूम अर्धा मीटर खाली होता आणि ठोकळा त्याला शिवलाही नव्हता.

दुसरी गोष्ट चराची. बोर्ड लागला त्याच सुमारास ठोकळ्याच्या पूर्व बाजूला, अगदी लगत, केबलसाठी चर खोदला गेला. तो परत भरला तो निघालेल्याच मातीने, धुमस न करता. खांब पूर्वेला कलला, म्हणजे जिथे टेकू हवा होता नेमका तिथलाच तो काढून घेतला होता. खोदणारा वेगळा, बोर्ड लावणारा वेगळा, खांब उभारणारा वेगळा. तिघांचेही काम आपापल्या कागदावर बिनचूक.

काळ्या मातीबद्दल आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मे महिन्यात ती आकसते, तडे जातात आणि काँक्रीटपासून सुटून उभी राहते. पुण्यात जोरदार झोत येतात तेही बहुतेक याच काळात, वळवाच्या पावसाबरोबर. म्हणजे वारा सर्वांत अंगावर येतो तेव्हा वरची दीड मीटर माती ठोकळ्याला धरतच नसते. जुलैमध्ये ती पुन्हा भिडते खरी, पण तोवर भिजून मऊ झालेली असते. म्हणून डिझाइनमध्ये वरच्या दीड मीटरचा प्रतिकार शून्य धरला. भराव आणि काळी माती, सगळाच. ठेकेदाराला ही चैन वाटली. ती चैन नव्हती.

पर्याय

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बोर्ड काढणे. तो मी आधी सुचवला: बोर्ड मागे पन्नास मीटरवर स्वतःच्या दोन पायांवर उभा करा. वाहनचालकालाही लेन बदलायला थोडी सवड मिळाली असती. पण त्या जागी दुकानांची प्रवेशद्वारे होती, आणि बोर्ड आर्मवरच हवा असे ठरले. ठीक. मग पाया बोर्डासकट.

दुसरा पर्याय पसरट फुटिंगचा. १.५ मीटर खोलीवर २ × २ मीटर, अर्धा मीटर जाड, वर पेडेस्टल (खांब बसवायचा आखूड काँक्रीटचा चौथरा) आणि भरलेली माती. वजन १२६ किलोन्यूटन, तळाचा मोमेंट ५०.८, पडण्याविरुद्धची सुरक्षितता जवळपास अडीच. कागदावर छान. पण फुटपाथ १.८ मीटर रुंद, त्यात पाण्याची लाइन, विजेच्या केबल आणि दोन कंपन्यांचे डक्ट. शिवाय फुटिंगवरची माती हा हिशेबाचा अर्धा भाग, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी तीच खोदणार हे नक्की. ज्या वजनावर दुसऱ्या खात्याचा जेसीबी कधीही हात घालू शकतो, ते वजन मी पायात धरत नाही.

राहिला तिसरा: बोअर मारून ओतलेला काँक्रीटचा गोल शाफ्ट, मुरमात उतरवलेला. फुटपाथमधली जागा कमी लागते, आणि आजूबाजूची वरची माती कुणी उकरली तरी फरक पडत नाही, कारण ती धरलेलीच नाही. खोल काळ्या मातीत अंडररीम्ड पाइल, म्हणजे खाली बल्बसारखा फुगवटा असलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब, घालता येतात, पण इथे दोन मीटरवर मुरूम असताना त्याची गरज नव्हती.

शाफ्टची लांबी

लांबी ब्रॉम्सच्या पद्धतीने काढली. छोटा, ताठ, वरून मोकळा पाइल चिकणमातीत असताना वापरायची ही पद्धत. दीड मीटरखाली मातीची न-निचरा कर्तनशक्ती, म्हणजे आतले पाणी निघून जायला वेळ न मिळता तिची टिकून राहण्याची ताकद, ४० किलोपास्कल धरली. मुरमासाठी हे फारच कमी आहे, पण मधला अर्धा मीटर काळी माती आहे आणि सिग्नलच्या एका खांबासाठी कुणी महागडी चाचणी करत नाही. जमीन ठाऊक नसेल तर आकडा कमी धरायचा.

सुरक्षिततेसाठी भार दुप्पट करून घेतला: आडवा जोर १५.२, आणि तो जमिनीपासून ५.२ मीटर उंचीवर. पहिला अंदाज ७५० मिलिमीटर व्यासाचा. मातीचा प्रतिकार ९ × ४० × ०.७५ = २७० किलोन्यूटन प्रति मीटर. शून्य कर्तनाचा बिंदू, म्हणजे मातीने वरचा सगळा आडवा जोर पेललेली खोली, दीड मीटरखाली अवघ्या ५६ मिलिमीटरवर, तिथला मोमेंट १०२ किलोन्यूटन-मीटर, आणि त्याला तोलायला खाली आणखी १.२३ मीटर. एकूण २.७९. म्हणजे तीन मीटर पुरे.

इथे बरेच जण थांबतात. पडण्याचा हिशेब जुळला, नकाशा काढा. पण आपला खांब आधी फिरला होता.

पीळ

गोल शाफ्ट पिळाला कशाने विरोध करतो? फक्त बाजूच्या घर्षणाने. पान्याने बोल्ट फिरवावा तसा आर्म शाफ्टला फिरवायला बघतो, आणि जुन्या चौकोनी ठोकळ्याला निदान कोपरे तरी होते. मातीची काँक्रीटला धरण्याची चिकट ४० च्या निम्मी, २० किलोपास्कल, आणि तीही फक्त १.५ ते ३ मीटरच्या पट्ट्यात.

७५० व्यासाला हा प्रतिकार २६.५ किलोन्यूटन-मीटर येतो. येणारा पीळ १८.४. गुणोत्तर १.४४. मला ते कमी वाटले. व्यास ९०० केला की प्रतिकार ३८.२, गुणोत्तर २.१. व्यासाचा परिणाम इथे वर्गाने होतो, कारण पृष्ठभागही वाढतो आणि तरफही. लांबी वाढवून तेवढेच मिळवायला खाली बेसॉल्टमध्ये घुसावे लागले असते. म्हणून शेवटी ९०० मिलिमीटर व्यास, ३ मीटर लांबी. लांबी पडण्याने ठरवली, व्यास पिळाने.

पीळ हा काही पुस्तकी बागुलबुवा नाही. २००४ च्या चक्रीवादळांच्या हंगामात अमेरिकेत फ्लोरिडामधल्या महामार्गांवर कॅन्टिलिव्हर फलकांचे काही पाये निकामी झाले, तेही पिळामुळे. तिथे बोल्टच्या वर्तुळाने पीळ काँक्रीटला दिला आणि बोल्टच्या बाहेरचे कडेचे काँक्रीट फुटले. त्यामुळे आपल्या शाफ्टमध्ये बोल्टचे वर्तुळ ४५० मिलिमीटर ठेवले, म्हणजे कडेपर्यंत २२५ मिलिमीटर काँक्रीट आणि बोल्ट पूर्णपणे सळ्यांच्या पिंजऱ्याच्या आत.

लोखंड आणि बोल्ट

लोखंडाचा प्रश्न सोपा. शाफ्टवरचा मोमेंट एवढ्या मोठ्या छेदाला किरकोळ आहे, पाइलसाठीचे किमान ०.४ टक्के लोखंडच पुरून उरते. १६ मिलिमीटरच्या १४ सळ्या, १० मिलिमीटरच्या रिंगा १५० वर, वरच्या ६०० मिलिमीटरमध्ये ७५ वर. कव्हर (सळ्यांबाहेरचे काँक्रीट) ७५, काँक्रीट एम३० प्रतीचे. एका शाफ्टला साधारण १०० किलो लोखंड.

बोल्टकडे मात्र लक्ष द्यावे लागले. जुन्या नमुन्यात चार होते. बोर्डासकट दीडपट भाराला, ४५० च्या वर्तुळावर चार बोल्ट असतील तर एकेकावर १३३ किलोन्यूटन ताण येतो. ४.६ ग्रेडच्या एम२४ (२४ मिलिमीटर व्यासाच्या) बोल्टची क्षमता ९९ च्या आसपास. सहा बोल्टला ८८, म्हणजे बसते, पण पिळाचे कर्तन धरले की फार सवड उरत नाही. आठ घेतले. ताण ६६ वर आला. सरळ बोल्ट, खाली ७५० मिलिमीटरवर अँकर प्लेट. जे आकाराचा वाकवलेला बोल्ट मी अशा ठिकाणी टाळतो, कारण ताणाखाली तो सरळ होऊन निसटायला बघतो.

साइटवर

‘साहेब, एका सिग्नलला तीन मीटर? पूल बांधताय का?’ मुकादमाचा पहिला प्रश्न. त्याला फिरलेला आर्म दाखवला, मग बोलला नाही.

नवी जागा जुन्या ठोकळ्यापासून रस्त्याच्या दिशेत दोन मीटर मागे घेतली. जुना ठोकळा उपटला नाही. उपटला असता तर आजूबाजूची जमीन मोकळी झाली असती आणि नवा शाफ्ट तिच्या शेजारीच. बोल्ट कापले, वरचे ३०० मिलिमीटर फोडले, बाकी तसाच गाडून टाकला.

ऑगर (बोअर मारायचे यंत्र) लावण्याआधी हाताने दीड मीटर ट्रायल पिट, म्हणजे चाचणीचा खड्डा. नकाशावर नसलेली पाण्याची लाइन त्यात सापडली, १.१ मीटर खोलीवर. शाफ्टचा मध्य ४०० मिलिमीटर सरकवला. हा खड्डा खोदायला अर्धा दिवस जातो म्हणून तो टाळायचा मोह होतो. लाइन फुटली की चौक दोन दिवस बंद आणि बोअरमध्ये चिखल.

भराव ढासळत होता म्हणून वरच्या दोन मीटरला तात्पुरते लोखंडी केसिंग (नळीसारखे कवच) घातले. २.१ मीटरला मुरूम लागला, खड्ड्याच्या अंदाजाशी जुळता. बोअर कोरडे होते. तळ साफ केला, पिंजरा उतरवला आणि त्याच दिवशी ओतले. काळ्या मातीचे बोअर रात्रभर उघडे ठेवायचे नाही. काँक्रीट १.९ घनमीटर. एवढ्याशासाठी आरएमसीवाला (तयार काँक्रीट पुरवणारा) गाडी पाठवायला नाखूश असतो, म्हणून दुसऱ्या चौकातला एक पाया त्याच दिवशी घेतला. साइटवर मिक्सरने हाताने माप घालून एम३० करण्यापेक्षा ही जुळवाजुळव परवडते. केसिंग काँक्रीट ओले असतानाच वर घेतले.

बोल्ट जागेवर धरायला वर आणि खाली दोन टेम्प्लेट प्लेट (भोके पाडलेल्या पाट्या) होत्या. ओतण्याआधी आर्मची दिशा दोरीने रस्त्याच्या मध्यरेषेशी काटकोनात जुळवली, ओतून झाल्यावर लगेच पुन्हा तपासली. व्हायब्रेटरच्या धक्क्याने टेम्प्लेट तीन-चार अंश फिरणे अगदी सहज होते, आणि मग नवा खांब जन्मतःच वळलेला. केबलसाठी १०० मिलिमीटरचे दोन एचडीपीई (प्लास्टिकचे) पाइप पिंजऱ्याच्या आतून वाकवून घेतले. नंतर काँक्रीट फोडून पाइप घालायची वेळ आली की कुणीतरी हमखास एखादी सळई कापतो.

माथा फुटपाथच्या १५० मिलिमीटर वर, बाहेर उतार देऊन. बेसप्लेटखाली लेव्हलिंग नट आणि न आकसणारे ग्राउट (फट भरायचा पातळ मसाला), त्यात पाणी निघायला एक भोक. आर्मखाली ५.५ मीटर मोकळी उंची मोजून घेतली.

खांबाला दाराजवळ एक पट्टी रिव्हेट केली: ‘आर्मवरील बोर्डाचे कमाल क्षेत्रफळ २.९ चौ. मी.’ रंगाने लिहिलेले पुढच्या रंगकामात जाते.

पावसाळ्यानंतर पुन्हा ओळंबा आणि दोरी लावली. माथा पाच मिलिमीटरच्या आत, आर्म जागेवर. शाफ्टभोवती काळ्या मातीत फट मात्र पडली होती, अपेक्षेप्रमाणे.

त्याच चौकातले बाकीचे तीन खांबही जुन्याच टाइप ड्रॉइंगवर उभे आहेत. दोघांच्या शेजारी खड्डे घेतले तर मुरूम ०.६ मीटरवरच निघाला, बोर्डही नाहीत. ते तसेच ठेवले. तिसरा उत्तरेकडचा, भरावात. त्यावर बोर्ड लावण्याची मागणी आलेली होती. नवा पाया होईपर्यंत ती मंजूर करू नये, असे लेखी दिले आहे.